दोन कावळे

परवा दुपारी नातवाच्या खोलीत डोकावले. परीक्षा संपलेली, पंखा पाचवर, आणि चिरंजीव पडद्यासमोर मांडी घालून समुद्रावर निघालेले. मी मागे उभी राहून बघत राहिले. निळंशार पाणी, फुगलेली शिडं, दोरांवर चढणारे खलाशी, वर गाणं चाललेलं. खोटं कशाला बोलू, मलाही भुरळ पडली. आमच्या काळी असं काही असतं तर सातवीच्या वर्गाला युरोपीय सत्तांचा धडा शिकवताना माझा निम्मा घसा वाचला असता.

मी विचारलं, "अरे, हे जहाज कुठलं?"

"आजी, ही जॅकडॉ. ब्रिग आहे. सतराशे पंधरा साल चाललंय. एकदम ऐतिहासिक आहे हा गेम, तुला आवडेल."

ऐतिहासिक म्हटल्यावर शिक्षकाचे कान टवकारतातच. मी खुर्ची ओढून बसले, आणि तासाभराने उठले ती भांडणाच्या तयारीनेच. हे भांडण नातवाशी नाही. ते आहे "गेमच तर आहे" म्हणून खांदे उडवणाऱ्यांशी, आणि थोडं आपल्या लोकांशीही. दोन्ही इथे लिहून काढते म्हणजे जेवण तरी पचेल.

खेळाचं नाव 'असॅसिन्स क्रीड फोर: ब्लॅक फ्लॅग'. २०१३ साली आला. म्हणजे जुनाच झाला, पण अजून खेळला जातो. एडवर्ड केनवे नावाचा कल्पित वेल्श दर्यावर्दी, कॅरिबियन समुद्र, १७१५ ते १७२२ हा काळ. ब्लॅकबिअर्ड, चार्ल्स वेन, अ‍ॅन बॉनी, मेरी रीड ही खरी माणसं त्यात भेटतात. नासाऊ, किंग्स्टन, हवाना ही खरी गावं. केनवेच्या जहाजाचं नाव 'जॅकडॉ'. मी शब्दकोश काढून पाहिला. जॅकडॉ म्हणजे कावळ्याच्या कुळातला एक लहान पक्षी.

इथे मला हसू आलं. कारण नेमक्या याच वर्षांत, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, आपल्या कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे ज्या जहाजांवरून इंग्रज-पोर्तुगीजांची झोप उडवत होते, त्या गुराबांचं नावही कावळ्यावरूनच आलेलं. अरबीत गुराब म्हणजे कावळा. एक कावळा कॅरिबियनमध्ये, एक कोकणात. काळ एकच. फरक एवढाच की आपला कावळा वाऱ्यावर उडत होता, आणि गेममधल्या कावळ्याला वारा लागतच नाही.

भांडणाचं मूळ हेच आहे.

मी नातवाला म्हटलं, "जरा जहाज उलट्या दिशेला वळव बघू." त्याने वळवलं. शिडं तशीच फुगलेली, जहाज त्याच झोकात निघालं. "आता डावीकडे." गेलं. "उजवीकडे." गेलं. एक बटण दाबलं की निम्मी शिडं, दुसरं दाबलं की सगळी, तिसऱ्याने जहाज स्कूटरसारखं जागच्या जागी थांबतं. मी विचारलं, "वारा कुठून येतोय?" नातवाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी टीव्हीत माणसं कुठून शिरतात ते विचारलं.

आता थोडा भूगोल. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. तोंडावर तर नाहीच, पण वाऱ्याच्या दिशेशी साधारण पासष्ट-सत्तर अंशांपेक्षा जवळही जाऊ शकत नाही. मग वाऱ्याकडच्या बंदरात जायचं तर नागमोडी जावं लागतं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आठवीच्या मुलालाही हे गणित जमेल: साडेसदुसष्ट अंशांचा कोन धरला तर वाऱ्याच्या दिशेने दहा मैल सरकायला सव्वीस मैल कापावे लागतात. आणि त्या अवधीत जहाज बाजूला वाहवत जातं ते यात धरलेलंच नाही. प्रत्येक वळणावर सगळ्या खलाशांना दोर ओढायला उभं राहावं लागतं, वळण फसलं तर जहाज वाऱ्यात तोंड खुपसून लोंबकळत राहतं. शत्रू जवळ असेल तर तेवढ्यात खेळ खलास.

हे मी पुस्तकातूनच शिकले असं नाही. माझं लहानपण खाडीकाठी गेलं. तेव्हा मंगलोरी कौलं घेऊन शिडाची गलबतं किनाऱ्याने येत. एकदा असंच एक गलबत खाडीच्या तोंडाबाहेर उभं राहिलं. आम्हा पोरांना वाटलं, आता येईल आत. संध्याकाळ झाली, आलं नाही. दुसरा दिवस गेला. गाव दिसतंय, घरं दिसताहेत, तांडेलाला बहुधा आमच्या चुलीचा धूरही दिसत असेल, पण वारा पडलेला. तिसऱ्या दिवशी पहाटे आत आलं तेव्हा पिंपातलं पाणी तळाला गेलं होतं. माझा मामा त्या तांडेलाला म्हणाला, "बरा दम धरलात." तो म्हणाला, "दम धरना नाय तर काय करतलंय? दर्यात उतरान ढकलू?"

खारे वारे आणि मतलई वारे आम्ही शाळेत नंतर शिकलो. आमच्या गावच्या होड्या मतलईवर पहाटे बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. घड्याळ कुणाकडेच नव्हतं, वारा हेच घड्याळ. पाऊसकाळात होड्या वर ओढलेल्या, त्या नारळी पौर्णिमेला पाण्यात. सगळं जगणं वाऱ्याच्या वेळापत्रकावर.

आता कुणी म्हणेल, आणि माझा मुलगा म्हणालाच, "आई, तो गेम आहे. करमणूक. त्यात किती खरं असणार? खेळणाऱ्याला तीन दिवस वाऱ्याची वाट पाहायला लावलं तर कोण विकत घेईल?"

या युक्तिवादाचा निम्मा भाग मला मान्य आहे, तो आधी सांगून टाकते.

खेळात वेळ आटवावा लागतो. त्या काळी तरबेज गोलंदाजांनाही एकदा बार काढल्यावर तोफ ओढून, पुसून, दारू-गोळा ठासून पुन्हा बार काढायला दीड-दोन मिनिटं लागत. गेममध्ये काही सेकंदांत होतं. होऊ दे. आठवड्याचा प्रवास दहा मिनिटांत होतो. होऊ दे. जहाजावर सुकाणूचं चाक दाखवलंय. चाक अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच नुकतं येऊ लागलं होतं, लहान ब्रिगवर १७१५ साली बहुधा साधा दांडाच असता. पण त्यावरून मी कपाळाला आठ्या घालणार नाही. खलाशी जी गाणी म्हणतात त्यातली बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आहेत. ती ऐकायला गोड आहेत, म्हणू देत. बटणं, टोप्या आणि खिळे मोजत बसणारे जे विद्वान असतात त्यांच्यातली मी नव्हे.

नकाशा लहान असतो म्हणून तो खोटा नसतो. पण नकाशावर उत्तरेच्या जागी दक्षिण लिहिली तर तो लहान असो की मोठा, मी तो भिंतीवरून उतरवणार. कमी करणं वेगळं आणि उलटं करणं वेगळं. गेमवाल्यांनी वारा कमी केला असता तर मी गप्प बसले असते. त्यांनी वाऱ्याचं कामच काढून टाकलं.

आणि जिथून वारा गेला तिथे काय आलं पाहा. जॅकडॉला पुढे टक्कर मारायला एक मजबूत सोंड बसवता येते, तिने दुसऱ्याचं जहाज फोडायचं. वल्ह्यांच्या जुन्या गॅली जहाजांना ती असे, कारण वल्ही असली की हव्या त्या दिशेने हवं तेव्हा धडकता येतं. शिडाच्या जहाजांच्या जमान्यात ती गेली आणि वाफेची यंत्रं आल्यावर परत आली. अमेरिकन यादवीत १८६२ साली 'व्हर्जिनिया'ने अशी धडक मारली, १८६६ साली लिस्साच्या लढाईत ऑस्ट्रियाने मारली. म्हणजे गेमवाल्यांनी शिडाच्या जहाजाला नकळत वाफेचं इंजिन बसवलंय, फक्त धुराडं दाखवलेलं नाही! तसंच उखळी तोफांचं. उखळी तोफेचा धक्का खाली तळावर बसतो, म्हणून फ्रेंचांनी १६८० नंतर त्यासाठी खास बांधणीची, आतून तुळया भरलेली जहाजं काढली, आणि ती नांगर टाकून, दोरांनी नेम धरून मारा करत. जॅकडॉ भर वेगात धावता धावता उखळी तोफा डागते आणि किल्लेही एकटीने घेते.

हे का झालं, तर खेळणाऱ्याला कुणी 'नाही' म्हणू नये म्हणून. आजच्या सगळ्याच वस्तूंचं तेच आहे. पण खेळाची मजा 'नाही'मध्येच असते हे या लोकांना कुणी सांगायचं? कबड्डीत एका दमात जायचं आणि परत यायचं, हा नियम आहे. उद्या एखाद्याने म्हटलं, दम धरायचा त्रास कशाला, मुलं कंटाळतात, घेऊ दे त्यांना वाटेल तेवढा श्वास. मग उरेल काय? झोंबाझोंबी! शिडाच्या जहाजात वाऱ्याचं तेच स्थान आहे. तो त्या खेळाचा दम आहे.

आणि "वारा ठेवला तर विकलं जाणार नाही" हेही खोटं. नातवानेच मला शोधून दिलं. 'सिड मायर्स पायरेट्स' नावाचा गेम १९८७ साली निघाला होता. आजच्या मानाने चित्रं अगदी ठिपक्यांची. पण त्यात वारा होता. पश्चिमेकडे जाताना जहाज पळे आणि पूर्वेकडे परतताना जीव मेटाकुटीला येई. कॅरिबियनमध्ये वारे पूर्वेकडूनच येतात. लोकांना तो इतका आवडला की २००४ साली त्याची नवी आवृत्ती निघाली, तिच्यातही वारा होताच. २०१९ साली पूर्ण होऊन आलेल्या 'नेव्हल अ‍ॅक्शन'मध्ये तर सगळी लढाई वाऱ्याच्या अंदाजावरच चालते. मग ज्यांच्याकडे शेकडो माणसं आणि डोंगराएवढा पैसा, त्यांना ठिपक्यांच्या गेमला जमलेलं का जमलं नाही?

पण मुलगा म्हणतो तसं, एवढं मनाला लावून घेण्यासारखं यात काय आहे? सांगते. माझ्या रागाचं खरं कारण त्या तासाभरानंतर घडलं.

नातू गेम थांबवून पाणी प्यायला उठला. मी उत्साहाने त्याला १६७९ सालच्या खांदेरीची गोष्ट सांगायला घेतली. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. 'रिव्हेंज' नावाची त्यांची मोठी लढाऊ नौका तिथे होती. आणि तरीही मराठ्यांच्या लहान होड्या रात्री-अपरात्री किनाऱ्यावरून सामान आणि माणसं बेटावर पोचवतच राहिल्या. शेवटी इंग्रजांना तह करावा लागला आणि खांदेरी आपली झाली.

नातू म्हणाला, "म्हणजे इंग्रज येडेच होते की. एवढ्या मोठ्या तोफा, समोर होड्या. सरळ जायचं आणि उडवायचं ना!"

मी म्हटलं, "अरे, वारा नव्हता."

"मग काय झालं?"

या 'मग काय झालं'ने मला रात्री झोप लागली नाही. कारण त्याचं काहीच चुकत नव्हतं. शंभर तास त्याच्या दोन्ही हातांनी शिकलेलं असं की जहाज म्हणजे बटण दाबलं की जाणारी गोष्ट. त्या हिशोबाने खांदेरीचे इंग्रज येडेच ठरतात. आणि लक्षात घ्या, इंग्रज येडे ठरले की मराठेही शहाणे ठरत नाहीत, ते नुसते नशीबवान ठरतात. दौलतखान आणि मायनाक भंडारी यांनी काय ओळखलं होतं? की त्या किनाऱ्यालगत, मंद वाऱ्यात, भरती-ओहोटीच्या पाण्यात मोठं जहाज ओंडक्यासारखं पडून राहतं आणि वल्ह्यांची होडी त्याच्या नाकासमोरून निघून जाते. ही सगळी अक्कल वारा काढला की दिसेनाशी होते. राहतात ते एका बाजूला मूर्ख आणि दुसऱ्या बाजूला सुदैवी.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच: ज्या अडचणीत माणसं वागली ती अडचण पुसून टाकली की इतिहासातला प्रत्येक माणूस बावळट दिसतो. आणि पूर्वज बावळट होते असं वाटणारी पिढी त्यांच्याकडून काही शिकत नाही.

आंग्र्यांच्या गुराबा पाहा. इंग्रजांकडच्या जुन्या वर्णनांत त्यांची मापं आहेत. बहुतेक दोन डोलकाठ्यांच्या, फार तर दीडशे टनांच्या. तीन काठ्यांची असेल तर तीनशे टनांपर्यंत. तळ उथळ, मध्ये रुंद, आणि पुढे नाळ लांब निमुळती होत गेलेली. त्या नाळेवरून समोर मारा करतील अशा दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी. आणि सोबत गलबतं: सत्तर टनांच्या आतली, मोठं तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही.

आता समोर तोफा कशासाठी? इंग्रजांच्या जहाजांचा मुख्य तोफखाना तर दोन्ही कुशींना असे. कारण आंग्र्यांचे लोक वारा पडायची वाट पाहत. वारा पडला की गलबतं वल्ह्यांनी गुराबांना ओढत नेत, थेट शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या कुशीच्या तोफा पोचत नाहीत. त्याला वळायला वारा नाही. मग समोरच्या तोफांनी त्याची शिडं, दोर, काठ्या तोडायच्या. तो पंगू झाला की गलबतांतून दोन-दोनशे माणसं एकदम चढायची. त्या लांब निमुळत्या नाळेचा, त्या उथळ तळाचा, त्या वल्ह्यांचा, प्रत्येक फळीचा अर्थ 'वारा पडतो' या एका गोष्टीत आहे. वारा पडतच नसेल तर गुराब म्हणजे एक विचित्र, कमी तोफांची, गरीब बिचारी होडी!

आणि कॅरिबियनचं तरी वेगळं काय होतं? गेमची सुरुवात पाहा. १७१५ साली हवानाहून स्पेनचा खजिन्याचा ताफा निघतो. केनवे त्यातलं एक जहाज पळवतो, वादळातून बाहेर काढतो, तीच जॅकडॉ. आता हे वादळ खरं आहे. जुलै १७१५ च्या अखेरीस फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर त्याने बारापैकी अकरा जहाजं फोडली, सुमारे हजार माणसं बुडाली. तो ताफा तिथे का होता? कारण हवानाहून युरोपला जायचं तर पूर्वेच्या वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. फ्लोरिडाच्या चिंचोळ्या वाटेने, समुद्राच्या प्रवाहावर आधी उत्तरेला जावं लागतं. वाट ठरलेली, म्हणून खजिना कुठून जाणार हे सगळ्यांना ठाऊक. बुडालेलं सोनं उपसायला लोक जमले, त्यातून नासाऊला चाच्यांचा अड्डा वाढला. वारा होता म्हणून वाट होती, आणि वाट होती म्हणून वाटमारी होती. ज्या वाऱ्याने ही सगळी कथा घडवली त्यालाच कथेतून हाकलून दिलंय. पहिल्या दृश्यात वादळ म्हणून येतो, पाहुण्यासारखा, आणि मग खेळाच्या हिशोबात गायब.

वाऱ्याबरोबर आणखी एक गोष्ट गायब झाली आहे, तिच्याविषयी थोडक्यात. गेममध्ये माणसं मरतात ती तलवारीने नाही तर तोफेने. खरी जहाजं कशाने रिकामी होत? १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धाचे ब्रिटिश नौदलाचे तेव्हा छापले गेलेले आकडे आहेत: लढाईत मेले १,५१२, आणि रोगाने मेले किंवा बेपत्ता झाले १,३३,७०८. या बेपत्तांमध्ये पळून गेलेलेही आले. पुन्हा वाचा. दीड हजार आणि सव्वा लाखाहून जास्त! लिंबाच्या रसाने स्कर्व्ही बरा होतो हे जेम्स लिंड याने १७४७ साली जहाजावर प्रयोग करून पाहिलं होतं, आणि नौदलाने तो रस सर्रास द्यायला १७९५ साल उजाडलं. आमच्या नातवाच्या जहाजावर लाकूड, लोखंड आणि कापड गोळा करावं लागतं. लिंबू नाही.

आता माझ्या भांडणाचा दुसरा भाग, आपल्याच लोकांशी.

हे मी मराठी मंडळींत बोलायला लागले की लगेच एक ठरलेलं वाक्य येतं: "बघा, परक्यांच्या चाच्यांवर गेम निघतात, आमच्या सरखेलांवर कधी निघणार?" बरोबर आहे. निघायला हवा. पण मग तेच गृहस्थ मोबाइलवर मला मराठा आरमाराचं चित्र पाठवतात, आणि त्यात काय असतं? तीन मजली, तीन काठ्यांचं, दोन्ही कुशींना तोफांच्या तीन-तीन रांगा असलेलं, नेल्सनच्या 'व्हिक्टरी'ची जुळी बहीण शोभेल असं जहाज, फक्त वर भगवा! 'व्हिक्टरी' पाण्यात उतरली १७६५ साली. ट्राफल्गारला तिच्यावर १०४ तोफा आणि आठशेवर माणसं होती. ती आमच्या साखरीच्या खाडीत शिरायला गेली असती तर चिखलात रुतून बसली असती. आंग्र्यांची ताकद नेमकी अशा जहाजांना जिथे येता येत नाही तिथे जाण्यात होती. आणि आपण अभिमानाने त्यांना तेच जहाज बहाल करतो!

माझ्या मते हा गेमवाल्यांपेक्षा मोठा अपराध आहे. त्यांनी निदान परक्याचा इतिहास सोपा केला. आपण स्वतःच्या पूर्वजांची लाज वाटल्यासारखी त्यांची जहाजं लपवतो आणि इंग्रजाचं जहाज उसनं आणून त्यावर झेंडा लावतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे ठाऊक होतं. इथे उलटंच, हातात सोन्याचा वाळा असून तो कथलाच्या रंगात रंगवायचा.

शिवाय, अचूकपणा हवा म्हणणाऱ्याने तो सगळाच घेतला पाहिजे. खांदेरीला मराठ्यांनी इंग्रजांची 'डोव्हर' पकडली हे सांगायचं, तर त्याच दिवशी 'रिव्हेंज' ठाम उभी राहिली आणि तिने आपली गलबतं परतवली हेही सांगायचं. 'डोव्हर' स्वतः गुराबच होती, म्हणजे इंग्रजही या पाण्यात आपल्या पद्धतीची जहाजं वापरायला शिकले होते, हे सांगायचं. १७२० साली इंग्रजांनी विजयदुर्गापुढे तरंगता तोफखाना आणला आणि हात हलवत परत गेले, हे सांगायचं. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये त्याच विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार एका दिवसात जळून गेलं, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी ते केलं, आणि पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला होते, हेही सांगायचं. माझ्या वर्गात हे सांगताना दरवर्षी कुणीतरी मुलगा विचारायचाच, "बाई, असं का केलं त्यांनी?" हा प्रश्न पडणं म्हणजेच इतिहास. गेममध्ये या प्रश्नाला जागा नसेल आणि चित्रातही नसेल, तर दोघांत फरक काय?

नातवाला मी गेम बंद कर म्हटलं नाही. बंदीने कुणी शहाणं झाल्याचं माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्याच्याशी एक करार केला. जॅकडॉ चालवायची, पण नियम माझा. वारा कायम पूर्वेकडून आहे असं धरायचं. पूर्वेकडे तोंड करून सरळ जायचं नाही, नागमोडीच जायचं. आणि मी ताटावर वाटी आपटली की वारा पडला, पुन्हा आपटेपर्यंत शिडं उतरवून गप्प बसायचं.

पहिली दहा मिनिटं कुरकुर झाली. मग दोन स्पॅनिश जहाजं समोर आली आणि मी वाटी आपटली. "आजी, आत्ता नको ना!" मी म्हटलं, "दर्यात उतर आणि ढकल." गोळे खाऊन जॅकडॉ बुडाली. नातू माझ्याकडे रागाने बघत राहिला, आणि मग म्हणाला, "वल्ही असती तर सुटलो असतो."

मी काहीच बोलले नाही. उठले आणि कपाटातून कागद काढून त्याला गुराबेची नाळ काढून दाखवली.

हा गेम काढणाऱ्या कंपनीने २००८ साली पुण्यात स्टुडिओ सुरू केला असं ऐकते. अशा कंपन्यांत आपली कितीतरी मुलं काम करतात. त्यातला कुणी हे वाचत असेल तर त्याला एका म्हाताऱ्या शिक्षिकेची विनंती आहे. आंग्र्यांवर गेम काढायचा तर जरूर काढा. झेंड्याचा रंग, पगडीची घडी, तोफांची संख्या यांत थोडं इकडेतिकडे झालं तर मी पत्र लिहिणार नाही. पण पहिल्या दिवशी, पहिलं चित्र काढायच्या आधी, एकदा पहाटे कोकणात कुठल्याही खाडीच्या तोंडावर जाऊन उभे राहा आणि गालाला वारा कुठून लागतो ते बघा. दुपारी पुन्हा त्याच जागी या. मग संगणक सुरू करा.